नळीतला थेंब

सोमवार, ४ मार्च
दुपारचे चार, बार उघडायला दोन तास

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल तर राहू दे, पण पत्र फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मावशीच्या फोनवर केला की मावशी म्हणते, "ती अंघोळीला गेलीय गं." सात महिने तू अंघोळच करते आहेस. इतकी स्वच्छ बाई उभ्या जन्मात कुणी पाहिली नसेल.

कामाचं बोलते. आपल्या 'सावकाश' कॉकटेलचं माप मला नीट लिहून पाठव. राय व्हिस्की साठ मिली, एवढं माहीत आहे. ड्राय व्हर्मूथ वीस की पंचवीस? फुलांचं लिकर पंधरा की दहा? बिटर्सचे कडू थेंब दोन की तीन? तू कधी कागदावर उतरवलंच नाहीस, आणि मेनूवर नुसतं लिहिलंय, 'राय, फुलं आणि धीर'. तो 'धीर' तुझा चावटपणा. गिऱ्हाइकं मला विचारतात, धीर कुठल्या देशातून येतो?

गेल्या महिन्यात नवं बर्फाचं यंत्र आलं. चौकोनी, काचेसारखा स्वच्छ बर्फ पडतो, एकेक तुकडा दागिन्याच्या डबीत ठेवावा असा. पण तेव्हापासून 'सावकाश' बिघडलंय. घड्याळजींनी गेल्या खेपेला अर्धा पेला तसाच ठेवला. आपले बुधवारचे घड्याळजी, खिडकीजवळचे. ज्यांच्या दुकानात सात घड्याळं सात वेळा दाखवतात, तेच. म्हणाले, "बाई, चव तीच आहे, पण पेला घाईत आहे." मी बर्फाला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील. म्हण. काहीतरी म्हण.

मी बरी आहे. मुख्य म्हणून आता शर्टावर पितळी बिल्ला लावावा लागतो, तो ढवळताना काउंटरच्या कडेला खटखट आपटतो. आई बरी आहे. तुझं नाव निघालं की भांडी घासायला उठते. घासलेलीच.

त्या दिवशी जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती, ताई. मालकीणबाईंचा तो दिवसच वाईट होता. त्यांना बहुतेक सर्दी झाली होती. सर्दी झालेल्या माणसाने चव घ्यायला बसूच नये.

माप पाठव.

तुझी,
भिंगरी


बुधवार, १३ मार्च
दुपार

ताई,

नऊ दिवस झाले. माप आलं नाही, आणि यायचं कारणही नाही, कारण ते मला पाठ आहे. साठ, वीस, पंधरा, दोन थेंब. वर लिंबाच्या सालीचा तुकडा पिळायचा आणि साल फेकून द्यायची, पेल्यात टाकायची नाही. पत्राला काहीतरी निमित्त हवं होतं, म्हणून विचारलं.

मग बिघडलंय काय? माझा हात. बर्फाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. तू शिकवलंस तसंच करते. चमच्याची पाठ काचेला टेकलेली, दांडा दोन बोटांत सैल, सगळा बर्फ एकसंध फिरला पाहिजे आणि आवाज येता कामा नये. वीस फेऱ्यांपर्यंत जमतं. मग कुठेतरी दार वाजतं, कुणीतरी हसतं, मला वाटतं उशीर होतोय, आणि बर्फ खडखडायला लागतो. कशाला उशीर होतोय, हे मला विचारू नकोस. सकाळी दात घासतानाही होतो. घरी मी जेवणाच्या टेबलावर दोन मिनिटं बसू शकत नाही. आई म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय म्हणून लहानपणी नाव ठेवलं, आता ते पत्रिकेतच लिहिलंय असं वागायला नको."

आज मी बार लावत होते तर आपलं ते गुपित कसं सुरू झालं ते आठवलं. तुझा तो मोठा ताप उतरल्यावर तू पंधरा दिवस मला काही बोलली नव्हतीस. मग एकदा दुपारी, अशाच रिकाम्या बारमध्ये, लवंगांची बरणी माझ्या नाकाखाली धरून विचारलंस, "हे काय आहे?" मी म्हटलं, "लवंग. वर लिहिलंय." तू म्हणालीस, "मला फक्त लिहिलेलंच कळतंय, भिंगरे." आणि बरणीचं झाकण दोनतीनदा लावलंस आणि काढलंस.

त्यानंतर अळीमिळी गुपचिळी. नऊ महिने! हात तुझे, जीभ माझी. तू ढवळायचीस, तीस फेऱ्या झाल्या की मी काहीतरी घ्यायला तुझ्या मागून जायची, नळी बुडवायची, वरचं टोक बोटाने दाबून थेंब जिभेवर सोडायची. बरोबर असेल तर 'हं'. काही चुकलं असेल तर "ताई, टॉवेल हवाय का?" मग तू टॉवेल घ्यायचीस, हात पुसायचीस, पेला मोरीत ओतायचीस आणि पुन्हा करायचीस. 'हं' आला की शेवटच्या दहा फेऱ्या तुझ्या. तिथे माझं काम संपायचं. किती पाणी सुटलं, किती थंड झालं, ते तुझ्या बोटांना काचेवरून कळायचं. ते मला आजही कळत नाही.

एकदा आपण हसून हसून मेलो होतो, आठवतं? त्या बँकवाल्याने खरंच सांडलं आणि मी खरंच टॉवेल हवाय का विचारलं, आणि तू त्याचा चांगला पेला मोरीत ओतलास.

आज घड्याळजी येतील. मी लिकरच्या बाटल्यांच्या मागे लपणार आहे.

नोकरी म्हणून मावशीच्या गावी तू रंगाच्या दुकानात बसतेस, असं आईकडून कळलं. बाकीच्यांचं म्हणे टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठतं, तुझं नाही. चला, कुठेतरी फायदा झाला.

लिही ना. शिव्या दिल्यास तरी चालेल. तुझ्या शिव्यांत निदान स्वल्पविराम जागच्या जागी असतात.

भिंगरी


मंगळवार, १९ मार्च

ताई,

सकाळी मावशीचा फोन आला. अंघोळीचं नाव न घेता बोलली, म्हणजे बघ. तुला कळू न देता केला होता, म्हणून तिला रागावू नकोस.

हॉटेलचं काम शिकवणाऱ्या शाळेने तुला पत्र पाठवलं, हे मला तिच्याकडून कळावं? बारचं काम शिकवायला बोलावतायत. नाकाचं सगळं माहीत असूनही. त्यांनी लिहिलंय ना स्पष्ट की आम्हाला तुमचे हात हवे आहेत, चव घ्यायला इथे पुष्कळ जण आहेत? आणि तू काय उत्तर ठरवलं आहेस ते मावशीने मला वाचून दाखवलं. टेबलावर उघडंच पडलं होतं म्हणे. 'हात गेलेल्या बाईने काय शिकवायचं.'

कुणाचा हात गेला? तुझा?

मावशी म्हणाली, चहात साखर घातली तर ढवळावी लागते, म्हणून तू बिनसाखरेचा पितेस. तू, जिला तीन चमचे लागायचे. मावशीने एकदा ढवळून दिला तर म्हणालीस, नको, सवय मोडायची आहे. आणि एकदा तिला असंही म्हणालीस की, भिंगरीने 'हं' म्हटलं होतं म्हणजे माल चांगला होता. मग बिघडलं ते शेवटच्या दहा फेऱ्यांत. तुझ्या शब्दांत, 'माझ्याच हातात.'

ताई, ऐक. असं काही नाही. व्हर्मूथची बाटली जुनी असू शकते. ती वाइनच शेवटी, उघडल्यावर फ्रिजबाहेर राहिली की महिन्याभरात मरते, हे तुला मी सांगायचं म्हणजे सूर्याला काजवा दाखवण्यासारखं झालं. स्टोअरवाल्याने मागची बाटली पुढे ठेवली असेल. तो काय, झोपेत जगतो. आणि मला त्या दिवशी सर्दी होती. मला लक्षात आलं नाही. सर्दी मालकीणबाईंना नव्हती, मला होती, पहिल्या पत्रात मी चुकून त्यांचं लिहिलं.

म्हणजे तुझा हात वगैरे काही नाही. ते पत्र पाठवू नकोस. शाळेला ३१ तारखेपर्यंत कळवायचंय. तू हो म्हण.

घाईत आहे.

भिंगरी


शुक्रवार, २२ मार्च
घर, सकाळ

ताई,

हे पत्र बसून लिहिते आहे. आधीची तिन्ही बारच्या काउंटरवर उभ्याने लिहिली होती.

मला सर्दी नव्हती.

बाटली स्टोअरवाल्यानेही ठेवली नव्हती. मी ठेवली. ती महिनाभर कॉफीच्या यंत्राशेजारी उघडी पडली होती, मीच तिथे विसरले होते, आणि त्या दिवशी मालकीणबाई त्यांचे दोन पाहुणे घेऊन पाच वाजता चव घ्यायला बसणार म्हणून मी धावतपळत तुझ्यासाठी सामान लावलं. हाताला आली ती बाटली ओळीत उभी केली. तोपर्यंत ती चूक होती. कुणाकडूनही होते. तिथेच राहिली असती तर आज मी तुला हे लिहीत नसते.

तू ढवळायला लागलीस. तुझ्या त्या वेळच्या हातांबद्दल काही लिहीत नाही, मला लिहिता येणार नाही. तीस फेऱ्यांना मी तुझ्या मागून गेले, नळी बुडवली, थेंब जिभेवर सोडला. आणि मला कळलं. लगेच कळलं, ताई. ते कळायला माझी जीभ लागत नाही, कुणालाही कळलं असतं. तुझ्याशिवाय.

"ताई, टॉवेल हवाय का?" चार शब्द म्हणायचे होते. तू पेला ओतला असतास, मी दुसरी बाटली उघडली असती, मालकीणबाईंना वाटलं असतं, केवढी काटेकोर बाई.

मी म्हणाले, "हं."

का, ते तू विचारशील. मी गेले सात महिने विचारते आहे, आणि रोज वेगळं उत्तर येतं. एक उत्तर असं की, त्या सकाळी मालकीणबाईंनी तुला माझ्यादेखत विचारलं होतं, "धाकटीचं कसं काय? तयार होतेय का?" आणि तू म्हणालीस, "भिंगरीचा हात अजून बसला नाही. वेळ लागेल." खरंच बोललीस. पण तू ते बोललीस तेव्हा नऊ महिने मी तुझी जीभ होते. तुझं प्रत्येक 'वाहवा' माझ्या तोंडातून जाऊन तुझ्याकडे येत होतं, आणि मला त्यातलं काही मिळत नव्हतं. मागताही येत नव्हतं, कारण गुपित माझंही होतं. मला राग आला होता. संध्याकाळपर्यंत तो गेलाय असं मला वाटलं होतं. तो गेला नव्हता. थेंब जिभेवर होता आणि मला वाटलं, बघू दे एकदा, माझ्यावाचून काय होतं.

हे ठरवून केलं नव्हतं. पण एवढंसं म्हणून सुटता येत नाही. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ होता माझ्याकडे, आणि तो वेळ मला पुरला.

पुढचं तुला माहीत आहे. मालकीणबाईंनी घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मेलंय हे." मग तुला विचारलं, "तुम्ही स्वतः चाखलंत का?" आणि तू सगळ्यांसमोर सांगितलंस की नऊ महिने तुला वास येत नाही, चव कळत नाही. माझं नाव घेतलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. अॅप्रन काढलास, नीट घडी घातलीस आणि गेलीस. मी मूग गिळून उभी. दुसऱ्या आठवड्यात मला बिल्ला मिळाला आणि मी तो लावला.

आणखी एक. तो पेला धुवायला मी नेला. मोरीपाशी उभी राहून उरलेलं सगळं प्याले. एक थेंब ठेवला नाही. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाच्या हाती लागू नये म्हणून असेल.

काल मी मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्या कागदांवर सह्या करत होत्या. पूर्ण ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

"मला कशाला सांगतेयस?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून."

"मला माहीत होऊन तिचं काय होणार? तुला हलकं वाटेल. जिला सांगायचं तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा. तुझ्या बिल्ल्याचं मी नंतर बघते."

मी बिल्ला टेबलावर ठेवला तर म्हणाल्या, "उचल तो. संध्याकाळी बार कोण उघडणार? नाटकं नंतर."

रात्री आईलाही सांगितलं. आई भांडी घासायला उठली नाही. मला वाटलं रडेल. म्हणाली, "सात महिने तू ताटावर बसत नव्हतीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. खाई त्याला खवखवे." मग म्हणाली, "तिला क्षमा माग म्हणून मी सांगणार नाही. ती मिळाली तर तुला उपयोग. तिला काय उपयोगाचं आहे, ते बघ."

म्हणून क्षमा मागत नाही. मागायची आहे, हे तुला कळेलच. तुला उपयोगाचं एवढंच आहे: माझं 'हं' खोटं होतं. त्यावर तू जो हिशोब मांडलास, की माल चांगला म्हणजे हात वाईट, तो तिथेच कोसळतो. शाळेला हो म्हण, ताई. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण शाळेला हो म्हण.

भिंगरी


गुरुवार, २८ मार्च
दुपार

ताई,

तुझं कार्ड सकाळी आलं. पाठकोरं, पुढे एकच ओळ: 'त्या दिवशीचा पेला कसा लागला, ते लिही. बाकी काही नको.'

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मला वाटलं होतं शिव्या येतील, किंवा काहीच येणार नाही. हे येईल असं वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं की तो तू केलेला शेवटचा पेला होता, आणि त्याची चव काय होती हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. 'मेलंय' ही काही चव नव्हे.

आज दुपारी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. समोर पाण्याचा पेला आहे, बाकी काही नाही. तो घोट मला आठवावा लागत नाही. सात महिने तो माझ्या तोंडात आहे. पण आत्तापर्यंत मी तो चाखत नव्हते, नुसता गिळायचा प्रयत्न करत होते. आज तू माझ्यासमोर उभी आहेस आणि मी नळी बुडवली आहे, असं समजून लिहिते. जे आहे ते, आहे त्या क्रमाने.

पहिल्यांदा वास, नाक पेल्याशी नेलं तेव्हा. लिंबाची साल, ताजी. तू ती पेल्याच्या बरोबर वर पिळली होतीस, तेल काठाला कुठेच जास्त नव्हतं, सगळीकडे सारखं. त्याच्याखाली फुलं. पावडर-अत्तरासारखी नाहीत, कुंपणावरची पांढरी झुडपं उन्हात तापली की येतो तो वास. आणि त्याच्याही खाली काहीतरी झाकलेलं, शिळं. ती व्हर्मूथ होती.

मग घोट. आधी थंडावा कळला. पेल्यात येऊन तीनचार मिनिटं झाली होती, मालकीणबाईंनी हातात धरून ठेवला होता, तरी तो मोडला नव्हता. दात शिवशिवणार नाहीत इतका, आणि जीभ जागी राहील इतका.

मग राय. पुढच्या दातांमागे, मिऱ्यासारखी, कोरडी. ती टोचली नाही. आता माझ्या पेल्यात ती टोचते, कारण मी वेळेआधी थांबते. किंवा ती बुडून जाते, कारण मला घाबरायला होतं आणि मी ढवळतच राहते. तुझ्या पेल्यात ती आली, आपली जागा घेऊन बसली आणि फुलांना वाट दिली. फुलं जिभेच्या कडांवर आली, गोड, पण चिकटली नाहीत.

मग व्हर्मूथ. कापून ठेवलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदासारखी. मागून जरा सिरका, आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. ती घशापाशी आली आणि सगळ्यावर पसरली. मालकीणबाईंना तीच लागली. त्यांचं चुकलं नाही, तिच्यापुढे दुसरं काही लागणं कठीणच होतं. वीस मिलिलिटर होती, पण पेला तिचा झाला होता.

पण घोट गिळल्यावर शेवटी जे उरतं ते, ज्याचं तू विचारते आहेस. पाणी. मी पुन्हा घोट घेतला होता, ताई, आणि पुन्हा. तेव्हा मला वाटलं होतं की मी पुरावा संपवते आहे. आज कळतंय की मी तेच शोधत होते, कुठे चुकलंय का ते. कारण ते चुकलेलं निघालं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! थोडं जास्त पडलं असतं, शेवटच्या दहा फेऱ्यांत तुझं लक्ष मालकीणबाईंच्या बोलण्याकडे गेलं असतं, तर दोष वाटला गेला असता. मी पेला संपेपर्यंत शोधलं.

नव्हतं. राय आणि फुलं एकमेकांना भेटतात तिथे जेवढं पाणी लागतं, तेवढंच होतं. पहिल्या घोटाला आणि शेवटच्या घोटाला तेवढंच. त्या पेल्यातून व्हर्मूथ काढून टाकता आली असती, तर जे राहिलं असतं ते तू आजवर केलेल्या सगळ्यांत चांगलं होतं. नऊ महिने रोज मी तुझं चाखलंय, मला तुलना करता येते.

बाकी काही नको म्हणालीस, म्हणून बाकी काही लिहीत नाही. हे पाकीट मी स्वतः बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, म्हणजे उद्याच तुझ्या हातात पडेल. ३१ तारीख टपालाच्या भरवशावर सोडायची नाही.

ताई, हात चुकला नव्हता. तू चाखू शकली नाहीस, मालकीणबाईंना कळलं नाही. मी चाखलाय, शेवटच्या थेंबापर्यंत. दुसरं कुणी हे सांगू शकत नाही, म्हणून मी सांगते आहे. हात चुकला नव्हता.

भिंगरी